जुन्या नाटकांचे पुनःप्रयोग आणि आजचा प्रेक्षक : ‘शारदा’ व ‘एकच प्याला’ यांच्या संदर्भात

मराठी रंगभूमीला आपल्या जुन्या नाटकांचा विसर पडला आहे, असे म्हणता येणार नाही. १८४३ सालच्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’चे स्मरण म्हणून १९४३ साली सांगली येथे रंगभूमीचा शताब्दी-उत्सव साजरा झाला. राज्य नाट्यस्पर्धेतील संगीत नाटकांचा विभाग आणि ठिकठिकाणच्या हौशी संस्था यांनी त्यानंतरच्या काळात किर्लोस्कर, देवल, खाडिलकर व गडकरी यांची नाटके रंगमंचावर जागती ठेवली. १९६७ सालचे ‘कट्यार काळजात घुसली’ २०१० साली नव्या संचात रंगभूमीवर आले आणि २०१५ साली त्यावर चित्रपटही निघाला. खाडिलकरांच्या १९११ सालच्या ‘मानापमाना’वर आधारलेला चित्रपट २०२५ साली प्रदर्शित झाला. जुन्या नाटकाला प्रेक्षक मिळतो, एवढे यावरून सिद्ध होते.

परंतु प्रेक्षक मिळणे आणि नाटकाचा परिणाम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रेक्षक गाण्यासाठी येतो, एखाद्या नटासाठी येतो, वडिलांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींसाठीही येतो. या तिन्ही कारणांनी नाट्यगृह भरले, तरी रंगमंचावर जे घडले ते नाटक म्हणून घडले की नाही हा प्रश्न शिल्लक राहतो. आपल्या काळाशी घट्ट बांधलेले नाटक त्या काळाबाहेरील प्रेक्षकाला विचलित करू शकते काय, हा या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. प्रेम, मत्सर, लोभ, पश्चात्ताप इत्यादी भावना चिरंतन असल्यामुळे चांगले नाटक कधीच जुने होत नाही, हे पहिले उत्तर. समस्याप्रधान नाटक समस्येबरोबरच मरते आणि मागे केवळ इतिहासाच्या अभ्यासकाची सामग्री उरते, हे दुसरे. ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी नाटकाचे जुनेपण त्याच्या विषयात असते, हे दोहोंनीही गृहीत धरलेले आहे. विषय चिरंतन असेल तर नाटक टिकते, तात्कालिक असेल तर ते संपते, असा हा हिशेब होय. हा हिशेब दोन परिचित नाटकांना लावून पाहिला असता तो जुळत नाही, असे आढळते. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ (१८९९) आणि राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ (१९१९) ही ती दोन नाटके होत.

१

‘शारदा’ हे देवलांचे एकमेव स्वतंत्र नाटक. त्यांची इतर नाटके संस्कृत वा पाश्चात्त्य कृतींवर आधारलेली आहेत. वृद्ध व धनिक भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने त्याला आपली मुलगी द्यावयास निघालेला कांचनभट, मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित, असहाय इंदिराकाकू, या व्यवहाराला विरोध करणारा तरुण कोदंड आणि जिच्याविषयी हे सारे चालले आहे ती शारदा, या पात्रांभोवती जरठकुमारी-विवाहाची कथा गुंफलेली आहे. विषय इतका नेमका आहे की, समस्येबरोबर नाटक मरते हा सिद्धान्त खरा असेल, तर त्याची प्रचीती याच नाटकात सर्वांत आधी यावयास हवी.

या समस्येचा कायद्यातील इतिहास लक्षात घेण्यासारखा आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर्षे झाले व त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. विवाहाचे किमान वय मात्र त्या कायद्याने ठरविले नव्हते. देवलांनी नाटक लिहिले तेव्हा बारा-चौदा वर्षांच्या मुलीचे साठी-सत्तरीच्या पुरुषाशी लग्न लावणे हा गुन्हा नव्हता. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीसाठी १४ व मुलासाठी १८ ही मर्यादा घातली. मुलीची मर्यादा १९४९ साली १५ झाली. १९७८ साली या मर्यादा अनुक्रमे १८ व २१ झाल्या, आणि २००६ साली जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

१९२९ चा कायदा महाराष्ट्रात ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला. हे नाव देवलांच्या नायिकेवरून पडले असा समज आजही आढळतो. वस्तुतः तो कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांनी मांडला होता आणि त्यांच्या आडनावाचे मराठी कानाला परिचित असलेल्या नावात रूपांतर झाले. भाषाशास्त्रात जिला लोकव्युत्पत्ती म्हणतात तिचे हे सुबक उदाहरण आहे. लोकव्युत्पत्ती बहुधा अज्ञानातून जन्मते, पण ती निरर्थक नसते. कायदा करणाऱ्याचे नाव बाजूस सारून नाटकातील मुलीचे नाव त्या कायद्याला चिकटविणाऱ्या समाजाने नाटक आणि कायदा यांचे नाते आपल्यापुरते ठरवून टाकले होते.

तेव्हा समस्या संपली असे मानावे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण भारतात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के आढळले. समस्या संपलेली नाही. तथापि ‘विषय अद्याप जिवंत आहे, म्हणून नाटकही जिवंत आहे’ असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. ज्या घरांत हे विवाह होतात ती घरे आणि जी माणसे तिकीट काढून ‘शारदे’चा प्रयोग पाहावयास येतात ती माणसे बहुतांशी वेगळी आहेत.

खरा फरक येथे आहे. १८९९ साली किर्लोस्कर मंडळीच्या प्रेक्षागृहात बसलेल्या वर्गात कांचनभट होते, भद्रेश्वर होते आणि एखाद-दुसरा भुजंगनाथही असण्याचा संभव होता. नाटकाचे बोट प्रेक्षकाकडे रोखलेले होते. भुजंगनाथाच्या फजितीला प्रेक्षक तेव्हाही हसत असणारच, कारण देवलांनी ती पात्रे हास्यकारकच केली आहेत. पण त्या हसण्यात आपल्या आळीतील, क्वचित आपल्या घरातील कोणाची तरी ओळख मिसळलेली होती. आजचा प्रेक्षक निर्दोष असतो, निदान तसे समजून तो आसनावर बसलेला असतो. केसांना कलप लावून बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा त्याला प्रहसनातील विदूषकासारखा दिसतो. हसण्याची किंमत द्यावी लागत नाही, म्हणून ते हसणे पोकळ होते. ‘शारदे’च्या पुनःप्रयोगात जे प्रथम हरवते ते हे आरोपाचे नाते होय. विषय उरतो, आरोपी उठून जातो.

२

हे नाते प्रयोगात पुन्हा प्रस्थापित करता येईल काय? संहितेत त्यासाठी दोन आधार आहेत. त्यांतील पहिला कथानकात आहे व पुनःप्रयोगात बहुधा त्याकडेच दुर्लक्ष होण्याची भीती असते.

भुजंगनाथ-शारदेचा विवाह ऐन वेळी मोडतो तो सगोत्रतेच्या कारणावरून. वर व वधू एकाच गोत्राची आहेत हे उघड होते आणि शास्त्राला असा विवाह मान्य नसल्यामुळे तो थांबतो. आजच्या प्रेक्षकाला हे वळण दुबळे वाटते. १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहाला मान्यता दिली व १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतर गोत्राची अडचण कायद्यापुरती उरलीच नाही. कथानक ज्या खुंटीवर टांगलेले आहे ती खुंटीच काळाने उपटली, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणून हा भाग घाईने उरकून गाण्याकडे वळण्याचा मोह प्रयोगकर्त्याला होतो.

परंतु थोडा विचार केला असता याच जागी नाटकातील सर्वांत कडवट उपरोध दडलेला आहे, असे दिसून येईल. वधू आणि वर यांच्या वयातील अंतर सर्वांना दिसत आहे. पैशाचा व्यवहार गावाला ठाऊक आहे. मुलीची अनिच्छा लपलेली नाही. यांपैकी कोणतेही कारण तो विवाह थांबवू शकत नाही. गोत्र मात्र थांबवू शकते. डोळ्यांना दिसणाऱ्या अन्यायावर ज्या समाजाकडे उपाय नाही, त्याच्याकडे पोथीतील दोषावर तत्काळ उपाय आहे. देवलांनी ही युक्ती नाइलाजाने वापरली असेल, कारण १८९९ साली दुसरा कायदेशीर मार्ग त्यांच्यापुढे नव्हता. पण नाइलाजाने वापरलेली युक्तीच आज साक्ष बनली आहे. यानंतर शारदेचे पुढे काय, हा प्रश्नही शंकराचार्यांच्या संमतीनेच सुटतो. मुलीच्या सुटकेलाही तिच्या इच्छेखेरीज दुसऱ्या कोणाची तरी मुद्रा लागते.

अशा रीतीने सादर केल्यास हे वळण आजच्या प्रेक्षकालाही परके राहणार नाही. अन्यायाचे निवारण तांत्रिक दोषाच्या आधाराने होणे, मुख्य मुद्द्यावर निकाल न लागता मुदत, सही किंवा अधिकारक्षेत्र यांवर तो लागणे, हा अनुभव त्यालाही नित्याचा आहे. गोत्र म्हणजे काय हे त्याला समजावून द्यावे लागेल, पण तांत्रिक दोषाने मिळालेल्या न्यायाची चव समजावून द्यावी लागणार नाही.

३

दुसरा आधार भाषेचा आहे. देवलांचे संवाद सहज व बोलीला जवळचे आहेत, हे मराठी समीक्षेने अनेकदा सांगितले आहे. परंतु सहजता हा गुण सांगून थांबणे पुरेसे नाही. त्या सहजतेत काय साठविलेले आहे हे पाहिले पाहिजे.

मराठीत विवाहासंबंधी जी क्रियापदे रूढ आहेत त्यांचा एक गट करून पाहावा. मुलगी दाखवितात, पाहतात, पसंत करतात, देतात, करून घेतात, उजवितात, खपवितात, कोणाच्या तरी गळ्यात बांधतात. यांतील प्रत्येक क्रियापद सकर्मक आहे आणि प्रत्येकाचे कर्म ‘मुलगी’ आहे. ‘उजविणे’ हे मूळचे व्रताच्या उद्यापनाशी संबंधित क्रियापद. व्रत उजवावयाचे तशी मुलगी उजवावयाची, म्हणजे अंगावर असलेले धर्मकार्य पार पाडून मोकळे व्हावयाचे. ‘खपविणे’ हे उघड-उघड बाजारातील क्रियापद. देवघर आणि दुकान या दोन ठिकाणांहून आलेली क्रियापदे एकाच कर्मावर येऊन थांबतात. ‘कन्यादान’ या शब्दात मोबदला नाही आणि ‘कन्याविक्रय’ शास्त्रनिषिद्ध आहे. पण बोलीतील क्रियापदांनी या दोहोंमधील भिंत केव्हाच पातळ करून ठेवली होती. कांचनभटाचा व्यवहार त्या पातळ भिंतीतून आरपार जातो. लेखकाने त्याला दिलेल्या नावातच सोने आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने ‘बापाने मुलगी दिली’ हे वाक्य कर्मणी प्रयोगाचे उदाहरण आहे. क्रियापदाचे लिंग व वचन मुलीप्रमाणे चालते, कर्तृत्व मात्र बापाकडे राहते. वाक्यात मुलगी ठळक दिसते आणि करीत काहीच नाही. शारदेची रंगमंचावरील स्थिती नेमकी अशीच आहे. नाटकाला तिचे नाव आहे, गाण्यांत तिचे दुःख आहे, सर्वांची धावपळ तिच्यामुळे आहे. परंतु कथानकातील निर्णायक क्रियांपैकी तिने स्वतः आरंभिलेली क्रिया एकच, नदीत जीव देण्याची. तीही दुसरा कोणी अडवितो.

आता आजच्या प्रेक्षकाकडे वळावे. ‘तिने लग्न केले’ हे वाक्य त्याच्या बोलण्यात रूढ झाले आहे. परंतु ‘मुलगी कुठे दिली?’ हा प्रश्नही त्याच घरात, त्याच तोंडाने विचारला जातो. कायदा बदलला, मुलीचे शिक्षण व उत्पन्न वाढले, ती परदेशी गेली. तरी ‘नागपूरला दिली’, ‘अमेरिकेत दिली’ ही वाक्यरचना टिकून आहे. कायद्याच्या मानाने व्याकरण सावकाश बदलते. १८९९ च्या प्रेक्षकाचे वर्तन आजच्या प्रेक्षकात राहिले नसेल, पण त्याची क्रियापदे राहिली आहेत. आजच्या प्रेक्षकाला आरोपाच्या कक्षेत आणावयाचे तर ते त्याच्या भाषेच्या द्वारे आणता येईल.

याचा प्रयोगाशी संबंध प्रत्यक्ष आहे. कांचनभटाची भूमिका खलनायकी अथवा हास्यकारक ढंगाने केली, तर त्याची भाषा प्रेक्षकाच्या भाषेपासून तुटते आणि प्रेक्षक पुन्हा निर्दोष होतो. तीच भूमिका एखाद्या व्यवहारी गृहस्थाच्या आवाजात, मुलीचे ‘बघावयास’ निघालेल्या कोणत्याही बापाच्या सहजतेने केली, तर शब्द ओळखीचे वाटतात आणि ते कोणत्या कामासाठी वापरले जात आहेत हे लक्षात येताच हसू थांबते. देवलांच्या संवादांना ही वागणूक सोसते, कारण ते मुळातच त्या आवाजात लिहिलेले आहेत.

४

‘एकच प्याला’ची स्थिती उलट आहे. हे नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मद्यपान हा त्याचा विषय मुळीच जुना झालेला नाही. विषयाच्या हिशेबाने पाहता ‘शारदे’पेक्षा हे नाटक आजच्या प्रेक्षकाला अधिक जवळचे वाटावयास हवे. प्रत्यक्षात मात्र तो त्यापासून अधिक दुरावलेला दिसतो. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ यांचे प्रवेश आजही रंगतात, पण सुधाकराचे दीर्घ भाषण सुरू झाले की प्रेक्षागृहात चुळबूळ होते आणि सिंधूच्या तोंडचे पतिविषयक उद्गार ऐकताना तरुण प्रेक्षक कधी हसतो, कधी अस्वस्थ होतो. विषय ताजा आणि नाटक जुने, असा हा प्रकार आहे. विषयात जुनेपण शोधणाऱ्यांना तो कोड्यात टाकणारा आहे.

सुधाकराच्या भाषेचा विचार प्रथम करू. उपमा, उत्प्रेक्षा, विरोध आणि चढत्या क्रमाने रचलेली वाक्ये हे गडकऱ्यांच्या गद्याचे वैशिष्ट्य. बेहोष माणूस इतके बांधेसूद कसे बोलेल, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. परंतु सुधाकर वकील आहे. बोलणे हा त्याचा व्यवसाय आहे, बोलण्यातील उद्दामपणामुळेच त्याची सनद काही काळ जाते आणि त्या मानभंगातून तो प्याल्याकडे वळतो. न्यायालय सुटले तरी न्यायालयातील वक्तृत्व त्याच्याजवळ उरते. स्वतःच्या ऱ्हासाचे समर्थन तो स्वतःपुढेच करीत राहतो आणि ते समर्थन जितके डौलदार तितका तो खोल गेलेला असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे अलंकरण हा केवळ लेखकाचा षोक राहत नाही. तो पात्राचा रोग ठरतो. प्रेक्षकाला सोपे जावे म्हणून ही भाषणे आजच्या बोलीत उतरविणारा दिग्दर्शक सुधाकराच्या हातून त्याचे शेवटचे शस्त्र काढून घेतो. काटछाट अवश्य करावी, कारण पाच अंकांचे रात्रभर चालणारे नाटक आज त्या लांबीने होणे शक्य नाही. परंतु जे ठेवावे ते त्याच्या पूर्ण डौलात बोलले जावे.

सिंधूची भाषा हा अधिक अवघड प्रश्न आहे. त्या काळच्या पांढरपेशा घरांतील स्त्री पतीचा नामोल्लेख करीत नसे, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण सर्वनामाचाही ती शक्यतो संकोच करी, हे कमी लक्षात घेतले जाते. ‘इकडून येणे केव्हा झाले?’ अशा वाक्यात ‘तुम्ही’ही नाही आणि ‘ते’ही नाही. पतीच्या ठिकाणी एक स्थलवाचक अव्यय आले आहे आणि त्याची क्रिया भाववाचक नाम होऊन ‘झाली’ आहे. पती ही व्यक्ती न राहता दिशा बनते आणि त्याचे वर्तन हे कोणी केलेले कृत्य न राहता आपोआप घडलेली घटना बनते. आजच्या प्रेक्षकाला ‘इकडून’ ऐकून हसू येते. ते स्वाभाविक आहे, कारण हा प्रयोग बोलण्यातून गेला व विनोदापुरता उरला.

मात्र या वाक्यरचनेचा नाटकाच्या शेवटाशी असलेला संबंध पाहावा. मद्याच्या अंमलाखाली सुधाकराच्या हातून मूल दगावते, सिंधू जबर जखमी होते आणि फौजदारापुढे ती पतीचे नाव न घेता आपण पडलो असे सांगते. जन्मभर जिने पतीला वाक्यात कर्ता म्हणून येऊ दिले नाही, ती अखेरच्या क्षणी त्याला गुन्ह्याचाही कर्ता होऊ देत नाही. तिचे खोटे बोलणे हा एकाएकी घेतलेला निर्णय नसून त्या भाषिक शिस्तीची परिणती आहे. आरंभीच्या प्रवेशांतील ‘इकडून’ हसण्यावारी गेले, तर शेवटच्या जबानीचा अर्थ लागत नाही. ते गांभीर्याने, घरातील नित्याच्या व्यवहाराप्रमाणे बोलले गेले, तर प्रेक्षकाला शेवटी कळते की आपण ज्याला लडिवाळ संबोधन समजत होतो तो एक पोलादी नियम होता.

५

येथे खरा वादाचा मुद्दा उपस्थित होतो. १९१९ च्या प्रेक्षकाला सिंधूची जबानी पातिव्रत्याचे शिखर वाटली. १९८३ साली दंडसंहितेत पतीकडून होणाऱ्या क्रूरतेविषयी स्वतंत्र कलम आले आणि २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा झाला. या कायद्यांच्या काळात वाढलेल्या प्रेक्षकाला त्याच जबानीत अत्याचार झाकणारी, भयाने वा सवयीने मुकी झालेली स्त्री दिसते. दिग्दर्शकाने काय करावे? सिंधूचा शेवट बदलावा, तिने फौजदाराला सत्य सांगावे, अशी सूचना सद्भावनेने केली जाण्याचा संभव आहे.

या संदर्भात इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाची हकीकत उद्बोधक आहे. नोरा मुलांना सोडून घराबाहेर पडते हा शेवट जर्मन रंगभूमीवरील एका प्रमुख नटीला मान्य होईना. तेव्हा दुसऱ्या कोणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच बदल करावा, म्हणून इब्सेनने १८८० साली नोरा घरात थांबते असा पर्यायी शेवट नाखुशीने लिहून दिला. तो बदल त्या काळच्या नैतिक समाधानासाठी होता. जगाने पुढे मूळ शेवटच स्वीकारला. सिंधूला बंडखोर करणे हे नोराला घरात बसविण्याच्या उलट दिशेचे दिसले, तरी जात तीच आहे: प्रेक्षकाची गैरसोय दूर करण्यासाठी नाटकाला आपल्या मताचे करून घेणे.

सिंधूने सत्य सांगितले, तर आजचा प्रेक्षक समाधानाने घरी जाईल. तिने खोटे सांगितले आणि दिग्दर्शकाने त्या खोटेपणावर पूजेची फुले वाहिली नाहीत, तर तो अस्वस्थ होऊन घरी जाईल. दुसरा परिणाम नाटकाचा आहे. संहितेचा शब्द न बदलताही येथे पुष्कळ करता येते. जबानीच्या वेळी प्रकाश व संगीत यांनी तिला देवत्व देण्याचे टाळावे. फौजदाराला सत्य कळलेले आहे आणि तरी तो काही करू शकत नाही, हे दिसू द्यावे. पद्माकर व रामलाल या जाणत्या पुरुषांचे मौन लपवू नये. गडकऱ्यांचा हेतू यापेक्षा वेगळा होता, हा आक्षेप घेता येईल व तो खराही आहे. परंतु त्यांनी लिहिलेली घटना त्यांच्या हेतूपेक्षा मोठी आहे. चांगल्या नाटकाच्या बाबतीत असे घडतेच.

६

जुन्या संगीत नाटकांचा प्रेक्षक मुळात गाण्यासाठी येतो, तेव्हा संवादांची ही चिकित्सा व्यर्थ आहे, असेही कोणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र दोन्ही नाटकांत संगीताचे स्थान सारखे नाही. ‘शारदे’तील पदे देवलांनी स्वतः रचली आहेत आणि ती बव्हंशी संवादाचेच काम पुढे नेतात, मैत्रिणींची थट्टा, आईची व्यथा, मुलीची भीती ही पदांतूनच कळते. ‘एकच प्याला’ची पदे वि. सी. गुर्जर यांनी रचून दिलेली आहेत. बालगंधर्वांच्या गायनाने ती अजरामर झाली आणि मैफलीतही गेली. जे पद नाटकाबाहेर सुखाने जगते ते नाटकात परतल्यावर कथानकाला थांबवून स्वतःसाठी टाळ्या घेण्याचा धोका असतो. म्हणून पदे निवडताना कोणते पद लोकप्रिय आहे यापेक्षा कोणते पद काढले असता प्रवेश लंगडा होतो, ही कसोटी लावणे योग्य होय.

२०१० च्या सुमारास सुनील बर्वे यांनी गाजलेली जुनी नाटके मोजक्या प्रयोगांपुरती रंगमंचावर आणली व त्या उपक्रमाला ‘हर्बेरियम’ असे नाव दिले. वनस्पतिशास्त्रज्ञ पाने व फुले वाळवून संग्रहात जपतो, त्यावरून घेतलेले हे नाव प्रामाणिक आहे. जतन हे स्वतंत्र मोलाचे कार्य आहे व त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि जतन आणि प्रयोग यांतील भेद स्पष्ट असावा. जतनाच्या हेतूने केलेल्या प्रयोगात जुनेपण जसेच्या तसे दाखविणे हेच उद्दिष्ट असते. नाटक म्हणून केलेल्या प्रयोगाला मात्र प्रेक्षकाशी नवे नाते जोडावेच लागते, आणि ते न जोडता केवळ वेषभूषा व नेपथ्य नवे केल्याने काम भागत नाही.

वरील विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, नाटकाचे जुनेपण त्याच्या विषयात असतेच असे नाही. ‘शारदे’चा विषय तिच्या प्रेक्षकापासून दूर गेला, पण तिची भाषा त्याच्याजवळ राहिली, ‘एकच प्याला’चा विषय जवळ राहिला, पण त्याची भाषा दूर गेली. दोन्ही नाटकांचा पुनःप्रयोग सफल होऊ शकतो, मात्र उपाय निराळे आहेत. ‘शारदे’त परिचित भाषेच्या द्वारे प्रेक्षकाला पुन्हा गुंतवावयाचे आहे, ‘एकच प्याला’त अपरिचित भाषेचा नियम त्याला उमजू द्यावयाचा आहे. ही दुहेरी जबाबदारी न पेलता केलेला प्रयोग गोड लागेल, पण त्याने कोणाचे काही बिघडणार नाही.

या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्यासारखे काम पुष्कळ आहे. जुन्या नाटकांच्या आजच्या रंगावृत्त्या मुद्रित आवृत्त्यांशी ताडून पाहाव्यात, कोणती वाक्ये गाळली गेली व कोणती बदलली याची नोंद करावी, आणि प्रत्यक्ष प्रयोगात प्रेक्षक कोठे हसतो, कोठे शांत होतो हे वहीत टिपून ठेवावे. रंगावृत्त्या बहुधा कोणी जपत नाही. नाटक संपले की त्या हरवतात. त्या जमविल्या गेल्या, तर नाटकांबरोबरच त्यांना सोसणाऱ्या व नाकारणाऱ्या प्रेक्षकाच्या भाषेचाही इतिहास हाती लागेल.